बासष्ट मीटरचं हेड

३ मार्च

धाकट्या,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. सात वर्षांनी एकदम 'प्रिय' म्हटलं तर पुढचं न वाचताच तू कागदाचा बोळा करशील, एवढं तुला ओळखते. म्हणून कामाचंच लिहिते.

काल दुपारी माझ्या टेबलावर एक फाइल आली. बोगद्यातलं पाणी उपसायला दोन पंप. पंप गेल्या आठवड्यातच कारखान्यातून रवाना झालेत, माझ्याकडे कागद आले ते नुसते नोंदीला. शेवटच्या पानावर माल उतरवून घेणाऱ्याचं नाव होतं, हुद्दा 'पंपघर प्रमुख', आणि नाव तुझं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू प्रमुख झालास, हे मला मोटरच्या पावतीवरून कळावं ना!

या पंपांची आकडेमोड मी केलेली नाही. नवा इंजिनिअर आलाय, उन्हाळ्यातसुद्धा टाय लावून बसतो, आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. पण तक्ता माझा आहे. रकाने माझे, क्रम माझा, आणि शेवटचा 'सुरक्षेसाठी दहा टक्के' हा रकानाही माझाच. त्याने हेड लिहिलंय बासष्ट मीटर. म्हणजे पंपाने पाणी एकूण बासष्ट मीटर चढवायचं, पाइपातलं घर्षण धरून. तुमचा बोगदा एवढा खोल आहे? नकाशावरून तरी मला वाटत नाही.

हे बासष्ट कसे झाले असतील ते सांगते. एकाच पातेल्यात घरातल्या प्रत्येकाने येता-जाता मीठ टाकावं तसे. मोजणी करणाऱ्याने टाकलं, कमी पडू नये म्हणून. तुमच्या ठेकेदाराने टाकलं, त्याला मोजणीवाल्याचा भरवसा नाही म्हणून. आमच्या विक्रीवाल्याने टाकलं, पुढे बोलणी नकोत म्हणून. आणि सगळ्यात शेवटी माझ्या रकान्याने टाकलं. चौघांनी एकमेकांना विचारलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, काळजी घेणारे काय ते आपणच.

मला एकच आकडा हवा आहे. ज्या खड्ड्यात पाणी साठतं, त्याच्या पातळीपासून वर पाइपाच्या तोंडापर्यंतची सरळ उंची. कागदावरची नको. टेप लावून मोज आणि कळव.

फाइलीत लिहिलंय की एकवीस तारखेला जुने पंप काढून नवे सुरू करणार, आणि एका पाळीला चाळीस माणसं खाली असतात. तेव्हा घाई कर.

जुनं काही उगाळायला हे पत्र नाही. त्या दिवशी कुणाची किती चूक झाली, हे आता कोण ठरवणार? तब्येतीला जप.

ताई


८ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. पुढे-मागे काही नाही, मधोमध नुसतं '४१'. सही पण नाही. चाराची खालची गाठ तू अजून उघडीच ठेवतोस म्हणून ओळखलं, नाहीतर मला वाटलं असतं कुणीतरी वय कळवलंय.

कार्ड हातात धरून मी पंधरा मिनिटं नुसती बसून होते. मग हिशेब मांडला. तूही मांड, माझ्यावर विसंबू नकोस.

सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर हेड, गुणिले नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी, भागिले हजार. ही झाली पाण्याला लागणारी ताकद, किलोवॅटमध्ये. पण मोटर देते ती सगळी ताकद पंप पाण्याला पोचवत नाही, वाटेत बरीच खातो. म्हणून तिला पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचं. जो आकडा येईल, तेवढी ताकद मोटरने पंपाच्या दांड्यावर दिलीच पाहिजे.

टायवाल्याच्या कागदावर: साठ लिटर, बासष्ट मीटर, कार्यक्षमता शहात्तर टक्के. उत्तर अठ्ठेचाळीस किलोवॅट. मोटर दिली पंचावन्नची. कागद बघून कुणीही मान डोलवेल.

आता खरं काय होणार ते बघ. तुझे एक्केचाळीस आणि घर्षणाचे फार तर पाच, मिळून शेहेचाळीस. बासष्टला बनवलेल्या पंपाला समोर शेहेचाळीसचाच चढ मिळाला की तो उधळतो. साठऐवजी पंच्याण्णव लिटर फेकायला लागतो. तेवढं पाणी फेकताना त्याची कार्यक्षमता चौसष्टवर येते. गुणाकार-भागाकार कर: सदुसष्ट किलोवॅट. मोटर पंचावन्नची! नाकापेक्षा मोती जड.

लोकांना हे उलटं वाटतं. उंची कमी निघाली म्हणजे पंपाला सोपं गेलं, असं सगळे म्हणतात. अशा पंपाचं तसं नसतं. त्याचा भार पाण्याच्या मापाने वाढतो. वॉल्व्ह जितका उघडाल तितकं पाणी जास्त आणि मोटरवर ओझं जास्त. वॉल्व्ह मिटत न्याल तसं ओझं उतरतं.

तेव्हा एकवीस तारखेला वॉल्व्ह मिटलेला ठेवून पंप सुरू कर. मग वॉल्व्हचं चाक हळूहळू उघड आणि डोळे अँपमीटरवर ठेव. काटा पंच्याण्णव अँपिअरच्या वर गेला की थांब. तुम्हाला हवे तेवढे साठ लिटर अर्ध्या-पाऊण वॉल्व्हमध्येच मिळतील. आणि जास्त भार आला की मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेला हात लावायचा नाही. ती ट्रिप झाली तर होऊ दे. सेटिंग वाढव असं कोणीही सांगितलं, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं, तरी वाढवू नकोस.

मी टायवाल्याकडे गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, जास्तच झालंय ना? कमी तर नाही पडलं?" मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, पंपातला पाणी फेकणारा पंखा, इंपेलर, परत मागवून थोडा कातून देऊ, किंवा निदान एक पत्र पाठवू की वॉल्व्ह पूर्ण उघडू नका. त्यांनी चहा मागवला, मग शांतपणे विचारलं, "पंधरा वर्षं हाच तक्ता वापरताय तुम्ही. आजच कसं सुचलं?"

मी चहा घेतला आणि उठून आले. मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

तुझं दुसरं कार्ड आज आलं. तीनच ओळी आहेत, तरी पाठ झाल्यात. 'इथले साहेब म्हणतात वॉल्व्ह पूर्ण उघडायचा, कंपनीच्या कागदावर तसंच आहे. तू म्हणतेस उघडू नको. मागच्या वेळीही आकडा तुझाच होता.'

बरोबर आहे. दुधाने तोंड पोळलेल्याला ताक फुंकून पिऊ नकोस म्हणायला मी कोण? हिशेब कितीही सुबक मांडला तरी खाली सही माझी. माझ्या शब्दाची किंमत तुझ्याकडे शून्य आहे, आणि ती मीच शून्य केली. म्हणून आज सगळं लिहिते. पहिल्या पत्रात 'आता कोण ठरवणार' असं जे लिहिलं, ते खोटं होतं. ठरवायला कुणाची गरजच नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं.

शहराच्या पाणीपुरवठ्याचं ते पंपघर. तू आपल्या कारखान्याकडून पंप बसवायला गेला होतास, मदतीला तिथले जुने पंपचालक, ज्यांना सगळे मामा म्हणत. हेड मी लिहिलं होतं अठ्ठेचाळीस, प्रत्यक्षात बत्तीससुद्धा नव्हतं. मोटर सदतीसची. सकाळी अकराला तुझा फोन आला. तू म्हणालास, "ताई, रिले दोनदा ट्रिप झाली. पण वॉल्व्ह जरा मिटला की होत नाही. असं का गं?"

अरे, उत्तर तूच शोधलं होतंस! पाना हातात धरून, पंपाशेजारी उभं राहून तुला जे दिसलं, तेच माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. मला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याच क्षणी दिसलं की हे खरं मानलं तर माझं हेड चुकलंय. विभागात आकडेमोडीच्या टेबलावर बसलेली मी पहिली बाई. आठ वर्षांत माझा एक आकडा परत आला नव्हता. मी हसले. म्हटलं, "वॉल्व्ह मिटून कुणी पंप चालवतं का? रिले हलकी असेल. सेटिंग वाढव आणि पूर्ण उघड." तू घुटमळलास. मी म्हटलं, "मी सांगते ना."

उंटावरून शेळ्या हाकल्या मी. तू ऐकलंस, कारण लहानपणापासून तुझी गणितं मीच तपासत आले. दुपारी दोनला मोटर जळली, जोडणीच्या डब्याचं झाकण उडालं आणि मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीला टेबलापलीकडे तीन माणसं होती. त्यांनी विचारलं, "सेटिंग वाढवायला तुम्ही फोनवर सांगितलं होतं का?" तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "नाही."

कारणं खूप जमवली होती मी. आई आजारी होती, माझी नोकरी गेली असती तर, वगैरे. ती खोटी नाहीत, पण ती नंतर सुचलेली आहेत. त्या खुर्चीत मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तेवढंच. त्या एका शब्दाने तुझी नोकरी गेली, तुझ्या कागदावर 'निष्काळजी' असा शिक्का बसला. आई गेली तेव्हा तू आलास, बाहेरच्या बाकावर दोन तास बसलास आणि माझ्याशी न बोलता निघून गेलास. आई तुझ्यावर शेवटपर्यंत रागावलेली होती, ती माझ्यामुळे. तिलाही मी खरं सांगितलं नाही.

सोबत एक कागद जोडलाय. वरचं सगळं त्यात लिहिलंय आणि खाली माझी सही, तारखेसकट. तो तुझ्याकडे ठेव. तुला वाटेल त्याला दाखव. चौकशीच्या कचेरीत दे, तुमच्या साहेबांना दे. मी हू की चू करणार नाही.

पण एकवीस तारखेला वॉल्व्ह पूर्ण उघडू नकोस. माझ्यावरचा राग त्या चाळीस माणसांवर निघायला नको.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

पाच दिवस झाले, तुझं काही नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की मी जिन्यात जाऊन उभी राहते. तो आता मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

आज न राहवून तुमच्या कचेरीत फोन केला. कारकुनाने उचलला. म्हणाला, ते बोगद्यात खाली आहेत, वर आल्यावर निरोप देतो. काय निरोप? मी म्हटलं, "वॉल्व्ह अर्धाच उघडायचा, आणि रिलेला हात लावायचा नाही." त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"बहीण."

कागद चाळल्याचा आवाज आला. मग बिचारा अवघडून म्हणाला, "त्यांच्या फॉर्मवर तर बहीण नाही लिहिलंय."

मी म्हटलं, "मग कारखान्यातून म्हणून सांगा."

रागावले नाही. पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ कुठलाच आकडा नीट वाचता येईना. समोर दुसऱ्याच कुठल्या शेताच्या पंपाचा तक्ता होता. 'सुरक्षेसाठी दहा टक्के' हा रकाना आला आणि मी त्यावर आडवी रेघ मारली. टायवाल्याने बघितलं. त्याला म्हटलं, "आधी विचारायचं, तुझ्याआधी किती जणांनी टाकलंय. मग टाकायचं." त्याने पहिल्यांदाच मला मॅडम न म्हणता विचारलं, "तुमचं असं कधी झालंय का?"

झालंय, म्हटलं. पुढे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मोठ्या साहेबांनाही फक्त पंपाचंच पुन्हा सांगितलं, फोनचं नाही. ते म्हणाले, "पत्र पाठवलं तर आपण चूक मान्य केली असा अर्थ होईल." मी म्हटलं, "चूक आहेच." ते म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या." घेतली.

अजून तीन दिवस आहेत. तू ते पाकीट उघडलंस की नाही, एवढं तरी कळव.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

हे पेन्सिलीने लिहितेय, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कागद. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तुझं चार पानी पत्र सोमवारी आलं. पहिलं पान वाचताना मी उभी होते, दुसऱ्यावर बसले. तू वॉल्व्ह अर्धा उघडून काटा त्र्याण्णववर आणलास, पाणी नीट उपसलं जात होतं, आणि तुमचे साहेब खाली आले. "एवढा मोठा पंप आणलाय आणि अर्धाच चालवतोस?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने चाक फिरवलं. शंभर. एकशेआठ. एकशेसोळा. तू आकडे एकाखाली एक लिहिलेत. नवव्या मिनिटाला रिले ट्रिप झाली. जुने पंप आदल्या दिवशीच काढलेले, दुसरा नवा पंप अजून जोडायचा होता. पाणी घोट्यावर, मग गुडघ्यावर, आणि माणसं शिडीला लागलेली. तेव्हा साहेब ओरडले, "सेटिंग वाढवा!"

तू रिलेच्या पॅनेलला पाठ लावून उभा राहिलास. लिहितोस, 'मी एवढंच म्हटलं, हात लावायचा तर आधी मला बाजूला करा.' धाकट्या, ते वाक्य मी बोटाने पुन्हा पुन्हा चाचपडलं. मग तू वॉल्व्ह मिटलास, पंप सुरू केलास, काटा पंच्याण्णवच्या खाली ठेवलास. संध्याकाळपर्यंत खड्डा आटला. चाळीसच्या चाळीस वर आली, एकाला खरचटलं तेवढंच. माझा कागद तू कुणाला दाखवलाच नाहीस. माझ्या हिशेबावरही गेला नाहीस, आदल्या दिवशी पाच-पाच अँपिअरने चाक फिरवून स्वतः बघितलंस आणि मग ठरवलंस. छान केलंस. मला जरा लागलं, पण छान केलंस.

आणि मग चौथं पान, त्यात माझाच कागद घडी करून परत. 'हा माझ्याकडे कशाला? मी दिला तर भावाने सूड घेतला म्हणतील. नाही दिला तर तू सुटलीस. म्हणजे दोन्हीकडून तुझीच सोय. तुझी सही आहे, तूच नेऊन दे.'

आधी खूप राग आला. एवढं मोठं मन करून लिहिलं आणि हा मला शिकवतो! भांडी आपटली. मग दुपारी पुन्हा वाचलं आणि कळलं की तू मला पुरतं पकडलंस. कबुली द्यायची, पण ती नेऊन पोचवायचं काम पुन्हा तुझ्याच डोक्यावर. मोठ्या बहिणीच्या सवयी, दुसरं काय.

काल मामांकडे गेले. दोन खोल्या, खिडकीत रेडिओ. मला वाटलं होतं दारातूनच हाकलतील. त्यांनी पाटीसारखी एक फळी मांडीवर घेतली, डाव्या हातात खडू घेतला आणि म्हणाले, "मांड. मला समजेल असं मांड." मी पाणी सांगितलं, हेड सांगितलं, भागाकार सांगितला. ते डाव्या हाताने सावकाश लिहीत गेले. शेहेचाळीस किलोवॅटला पोचले, मग बाजूला मोटरचे सदतीस लिहिले आणि दोन्हींकडे बघत राहिले.

"म्हणजे पोराचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही, मामा."

"त्याने फोनवर तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. मी हसले होते."

त्यांनी खडू खाली ठेवला. "सात वर्षं गं. उरलेल्या बोटांनीसुद्धा त्याच्याच नावाने बोटं मोडली मी. तो दोनदा भेटायला आला, मी दार उघडलं नाही." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठले तर म्हणाले, "उद्या किती वाजता जाणार आहेस?"

तर आता मी चौकशी कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलेय. नोकरीचा राजीनामा सकाळीच दिला. मोठे साहेब तो घेताना म्हणाले, वकिलाशी बोलून मग जा. मी म्हटलं, वकिलाशी बोलले तर मी जाणार नाही. समोर भिंतीचा रंग उडालेला आहे. भीती तेव्हा होती तेवढीच आहे, काही कमी झालेली नाही. तू माफ केलंस असं पत्रात कुठे नाही, ते मी शोधलं. विचारत नाही.

मामा शेजारी बसलेत. मी म्हटलं होतं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी एकटी जाते. तर म्हणाले, "आत जाऊन पुन्हा पलटलीस तर? मी दाराशी थांबतो." खरंच आहे ते.

शिपायाने दार उघडून माझं नाव घेतलंय. मामा उठून दाराच्या चौकटीत उभे राहिलेत, मी आत गेल्यावर बाहेर पडायची वाट अडवतील असे. पत्र त्यांच्याजवळ देते, पेटीत टाकायला. जाते.

ताई